आधी हात कोरडे, मग औषध

प्रश्न : माझं वय ४७. कर्वेनगरमध्ये पोळी-भाजी केंद्र चालवते. भाज्या धुणं, चिरणं, कणीक, मोठी पातेली घासणं, सगळ्यात माझे हात असतातच. गेल्या दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी संपल्या आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची नखं टोकाकडून सुटायला लागली. आता निम्मी सुटली आहेत. खाली पिवळट दिसतं, एका कडेला चक्क हिरवं. नखाच्या मुळाशी कातडी फुगलेली असते, मधूनच ठणकते. मेडिकलवाल्यांनी एक ट्यूब दिली. लावली की आठ-दहा दिवस बरं वाटतं, सोडली की परत तेच. भाचीच्या लग्नात जेल पॉलिश केलं, तेव्हापासून बाकीची नखंही पातळ झाली आहेत आणि टोकांना पापुद्रे सुटतात. शेजारच्या काकू म्हणतात कॅल्शियम कमी आहे, म्हणून त्या गोळ्या घेते. बायोटिनही चालू आहे. डाव्या अंगठ्याच्या नखावर बारीक काळसर उभी रेघ आहे, खूप वर्षांची. पण लेकीनं मोबाईलवर वाचून कॅन्सरचं नाव काढलं, तेव्हापासून झोप नाही. आम्ही शाकाहारी आहोत. शुगर कधी तपासलेली नाही. डबा घेताना गिऱ्हाईक हाताकडे बघतं, लाज वाटते. नेलपॉलिश लावून झाकलं तर चालेल का?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : ताई, झोप उडवणारी ती रेघ आधी घेऊ, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीच्या माणसांत नखावर उभ्या तपकिरी-काळसर रेघा सर्रास असतात. नखाच्या मुळाशी रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. त्यातल्या काही कामाला लागल्या की वाढणारं नख तो रंग सोबत घेऊन पुढे सरकतं आणि रेघ उमटते. वय वाढतं तशा त्या जास्त बोटांवर दिसायला लागतात. तुमची रेघ बारीक आहे, जुनी आहे आणि बदलल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. या तिन्ही गोष्टी दिलासा देणाऱ्या आहेत.

लेकीनं वाचलं तेही खोटं नाही. नखाखाली मेलॅनोमा नावाचा कॅन्सर होतो; तो दुर्मीळ आहे, पण होतो तेव्हा बहुधा हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यालाच. त्यामुळे कशाकडे लक्ष ठेवायचं ते सांगते. रेघ नव्यानं आलेली आणि एकाच बोटावर असणं, तीही चाळिशी-पन्नाशीनंतर. तिची रुंदी वाढत जाणं, तीन मिलिमीटरच्या पुढे जाणं. मुळाशी रुंद आणि टोकाकडे निमुळती असणं, कारण त्याचा अर्थ ती सध्या वाढते आहे. रंग कुठे गडद, कुठे फिका. रेघेच्या जागी नख चिरणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काळेपणा नख सोडून मुळाजवळच्या कातडीवर पसरणं. यातलं एकही दिसलं तर थांबायचं नाही, त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचं. नाही दिसलं, तरी बाकीच्या दुखण्यासाठी तुम्ही जाणारच आहात, तेव्हा अंगठा पुढे करायचा. ते डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून बघतील. आज मात्र एक करा: खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून रेघेचा फोटो काढा. “पूर्वी इतकी होती की जरा बारीक?” हा प्रश्न पुढे आठवणीवर सोडायला नको.

शाकाहारी आहात म्हणून एक जोड. काळेपणा एकदम बऱ्याच नखांवर आला आणि बोटांच्या पेरांवरची कातडीही काळवंडली, तर बी-१२ कमी असण्याची शक्यता असते. तो रंग इंजेक्शनं-गोळ्यांनी हळूहळू जातो.

आता मूळ दुखणं. पत्र वाचून निदान पक्कं होत नाही, पण तुमचा दिवस तुम्ही इतका नीट लिहिला आहे की अंदाज बांधायला फार अडचण नाही. नख खालच्या मऊ कातडीला चिकटलेलं असतं आणि मुळाशी क्युटिकलची बारीक पट्टी पाणी आत जाऊ देत नाही. हात दिवसातून वीस वेळा भिजले आणि वाळले की नख प्रत्येक वेळी फुगतं आणि आक्रसतं. त्यात भांड्यांचं लिक्विड, चिंच-लिंबाचं आंबट आणि घासणीचा जोर, जो बहुधा मधल्या बोटांवरच येतो. कधीतरी ती चिकटण सुटते. सुटलेल्या फटीत पाणी साठतं आणि तिथे सुडोमोनास नावाचे जिवाणू मुक्काम करतात. हिरवा रंग त्यांचा. दुसऱ्या टोकाला क्युटिकल झिजते, पाणी मुळात शिरतं, कातडी फुगते, ठणकते. हे जुनाट नखुरडं. फराळाच्या ऑर्डरींनंतर सुरू झालं म्हणता, त्यात मला काहीच नवल वाटत नाही.

म्हणून रंगाच्या मागे लागू नका. लिंबू चोळणं, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, लसणाचा रस, हे सगळं आधीच सोललेल्या जागेवर आग लावतं. आणि सुटलेल्या नखाखाली सेफ्टी पिन किंवा काडी घालून कणीक काढत असाल (बहुतेक जणी काढतात), तर ते आजपासून बंद. प्रत्येक वेळी फट मिलिमीटरभर आत सरकते. जेवढं नख सुटलं आहे तेवढं जपून कापून टाका, म्हणजे खाली पाणी साठायला जागाच राहणार नाही. दिसायला ओंगळ दिसेल, पण इलाज म्हणून कुठल्याही ट्यूबपेक्षा सरस आहे.

पिवळेपणा किती खरा आहे तेही बघा. तुमच्या हाताला दिवसभर हळद. हळदीचा डाग नखाच्या वरच्या अंगाला असतो. तेलाचं बोट फिरवून साबणानं धुतलं की फिका होतो आणि उन्हात आणखी उडतो. गडद नेलपॉलिशचा पिवळा डागही वरचाच. पॉलिश लावण्याआधी बेस कोटचा हात दिला नाही की तो बसतो आणि नख वाढून पुढे गेलं की जातो. वरून काहीही केलं तरी न हलणारा पिवळेपणा मात्र नखाच्या आतला किंवा खालचा. त्यासोबत नख जाड, भुसभुशीत झालं असेल तर बुरशीचा संशय घ्यायचा.

हात कोरडे ठेवा, असं पोळी-भाजी केंद्रवालीला सांगणं सोपं आहे, करणं अवघड, हे मला कळतं. तरी जमण्यासारखं आहे. ओली कामं आणि कोरडी कामं एकमेकांत मिसळू नका. पातेली एकेक करून दिवसभर विसळण्यापेक्षा साठवून एका बैठकीत घासा. तेव्हा आत सुती आणि वर रबरी, असे दुहेरी हातमोजे घाला. आपल्याकडे स्कूटीवर उन्हासाठी घालतात ते साधे पांढरे सुती मोजे आतल्या थराला छान चालतात. दोन-तीन जोड ठेवा, कारण घामानं किंवा पाण्यानं आतून ओला झालेला हातमोजा न घातलेल्यापेक्षा वाईट. पंधरा-वीस मिनिटांनी काढायचा, हात पुसायचे, जोड बदलायचा. तव्यापाशी आणि गॅसजवळ हातमोजे अजिबात नकोत. रबर-प्लास्टिक वितळून बोटाला चिकटेल. पोळ्या लाटणं, भाजणं ही कोरडी कामं, तिथे उघडे हात चालतात. कणीक मळायचं यंत्र घ्यायचा विचार असेल, तर तो खर्च या दुखण्याच्या खात्यावर टाकायला हरकत नाही. प्रत्येक धुण्यानंतर बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा टिपून घ्या, आणि रात्री मुळाशी व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल जिरवा.

भांडी कुणा मावशींकडे सोपवणार असाल तर तसेच दुहेरी हातमोजे त्यांनाही द्या. नाहीतर हे दुखणं फक्त तुमच्या बोटांवरून त्यांच्या बोटांवर जाईल, आणि त्यांना चार घरची भांडी असतात.

हिरव्या कडेसाठी एक घरचा उपाय आहे. एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी. त्यात दिवसातून दोनदा दहा मिनिटं बोटं बुडवायची आणि मग पूर्ण कोरडी करायची. कातडी चिरलेली किंवा उघडी असेल तर हे करू नका, झोंबेल. पू दिसला, लाली बोटभर पसरली किंवा ताप आला तर व्हिनेगरच्या नादी न लागता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. आणि पू असेतोवर कणकेला, चटणीला, कोशिंबिरीला हात लावायचा नाही, ताई. त्यातले जंतू अन्नात वाढले तर ते जे विष सोडतात ते शिजवूनही जात नाही. एवढ्या घरांचे डबे तुमच्या हातून जातात.

ट्यूबबद्दल थोडं जास्त बोलते, कारण खरा घोळ तिथे आहे. घरी गेल्यावर तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन यांपैकी काही असेल तर त्यात स्टेरॉईड आहे. आपल्याकडे स्टेरॉईड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेल्या ट्यूबा चिठ्ठीशिवाय हातात पडतात. लावलं की सूज उतरते, सोडलं की परत येते, हे तुम्ही अनुभवलंच. खाली बुरशी असेल तर ती मधल्या काळात निवांत पसरते. नायट्याच्या बाबतीत या ट्यूबांनी देशभर जो गोंधळ घातला आहे, त्यानं त्वचारोगतज्ज्ञ हैराण आहेत. याचा अर्थ स्टेरॉईड वाईट असा नाही. जुनाट नखुरड्याच्या सुजेवर डॉक्टर स्वतःच ते देतात, आणि तिथे ते बुरशीच्या मलमापेक्षा बरंच उपयोगी पडतं. फक्त आत बुरशी आहे की नाही ते बघून, ठरावीक दिवस.

ते बघायचं कसं? नखाखालचा भुसा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ही तपासणी स्वस्त आहे आणि लवकर होते. कल्चर लावलं, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघितली, तर तीन-चार आठवडे जातात. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी सापडते. बाकीची सोरायसिस, मार, ओलावा यांची असतात आणि दिसायला तशीच. तपासणीशिवाय महिनोन्महिने बुरशीच्या गोळ्या खाण्याला म्हणूनच माझा विरोध आहे. बुरशी निघाली तर हाताच्या नखांसाठी टर्बिनाफिनची गोळी बहुधा सहा आठवडे देतात, आणि आधी यकृताची रक्ततपासणी सांगतात. वरून चोळायच्या साध्या मलमाचा उपयोग नखावर फारसा होत नाही, कारण ते नखाच्या आरपार जातच नाही.

काकूंचं कॅल्शियम. नखाचा कणखरपणा केराटिन नावाच्या प्रथिनाचा. कॅल्शियम त्यात नावापुरतं असतं. पांढऱ्या ठिपक्यांचंही तसंच. लहानपणी बगळ्यांची रांग गेली की नखावर नखं घासत त्यांच्याकडे कवडी मागायचो, आणि ठिपका दिसला की बगळ्यानं दिली म्हणायचो. मोठेपणी बगळा गेला आणि त्याच्या जागी कॅल्शियम आलं, इतकाच फरक. ठिपका येतो तो नखाच्या मुळाला कधीतरी लागलेल्या बारीकशा माराचा. हाडांसाठी कॅल्शियम कुणी सांगितलं असेल तर घ्या, नखांसाठी नको.

बायोटिन हे एक बी-जीवनसत्त्व, त्याचा मुद्दा वेगळा आहे. दिवसाची गरज सुमारे ३० ते ४० मायक्रोग्रॅम, आणि बाजारातल्या गोळीत पाच-दहा मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट. ज्याला कमतरता नाही त्याला त्यानं फायदा होतो याचा पुरावा तोकडा आहे. तोटा मात्र नक्की माहीत आहे: रक्तातल्या बायोटिनमुळे थायरॉईडच्या आणि हृदयविकाराच्या काही तपासण्यांचे आकडे चुकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. तुम्हाला थायरॉईड तपासायचंच आहे, तेव्हा गोळी आधी बंद करा, दोन-तीन दिवस जाऊ द्या, आणि रक्त देताना लॅबमध्ये सांगा.

तपासण्या अशा: हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, टीएसएच (थायरॉईडसाठी) आणि शुगर. शुगर वाढलेली असेल तर नखुरडं आणि बुरशी दोन्ही हटत नाहीत, आणि तुम्ही ती कधीच तपासली नाही हे मला त्या रेघेपेक्षा जास्त खटकलं. थायरॉईड बिघडलं तरी नखं सुटतात. लोह म्हणाल, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय महिलांना रक्तक्षय निघाला. तुमच्या वयात पाळी अनियमित, कधी भरपूर जाणारी असते. लोह फार कमी झालं की नखं पातळ होतात, पुढे मधे खोलगट होतात, इतकी की पाण्याचा थेंब त्यावर थांबतो.

पापुद्र्यांचं खापर जेलवर फोडायला हरकत नाही, पण जेलपेक्षा ते काढण्याच्या पद्धतीवर. पार्लरमध्ये घाईत खरवडून काढतात, त्याबरोबर नखाचा वरचा थर निघतो. त्यात तुमचं पाण्याचं काम, मग टोकं चिरोट्यासारखी पदर सोडणारच. नखं आखूड ठेवा, एकाच दिशेनं घासा, रिमूव्हर दोन आठवड्यांतून एकदाच वापरा. सध्या या नखांनाही मोकळं राहू द्या. पुढे कधी जेल केलंत आणि बोटांची टोकं किंवा पापण्या खाजल्या, सुजल्या, तर ते कायमचं सोडा. जेलमधल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी एकदा जडली की दातांच्या कामात आणि सांधेरोपणातही आडवी येऊ शकते, कारण तिथेही त्याच कुळातली रसायनं असतात.

आता तुमचा प्रश्न. त्या दोन नखांवर पॉलिश नको. खालचा ओलावा कोंडतो, आणि आत काय चाललंय ते ना तुम्हाला दिसतं ना डॉक्टरांना. शिवाय स्वयंपाक करणाऱ्या हातावरच्या पॉलिशचा कपचा भाजीत गेला तर गिऱ्हाइकाला नखाहून जास्त खुपेल. डबा देताना पातळ हातमोजा घाला. लोक त्याला टापटीप म्हणतात, कुणी कारण विचारत नाही.

वेळेचा हिशेब मनात ठेवा. हाताचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं. सुटलेला भाग परत चिकटत नाही, मुळापासून नवं नखच चिकटून यावं लागतं. आत्ता श्रावण आहे. आज सुरुवात केलीत तर नवं नख टोकाला पोचायला संक्रांत उजाडेल. (पायाचं असतं तर वर्ष-दीड वर्ष.) दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीशी फोटो काढा. मुळाकडची गुलाबी, चिकटलेली पट्टी रुंदावत असेल तर गाडी रुळावर आहे. एखाद्या महिन्यात फोटोत आडवी खाच पुढे सरकताना दिसली तर घाबरू नका. पावसाळ्यातल्या डेंग्यू-टायफॉइडसारख्या मोठ्या तापानंतर नखाची वाढ काही दिवस थबकते, त्याची ती खूण.

मधे दिवाळी येते, तिचीच मला धास्ती आहे. यंदा फराळाच्या ऑर्डरी घ्या, पण त्या पंधरवड्यात भिजवणं, धुणं, घासणं तुमच्याकडे ठेवू नका. तुम्ही तळणीपाशी आणि हिशेबाला बसा. अर्धवट चिकटलेलं नख त्या आठवड्यांत पुन्हा सुटलं तर संक्रांतीचा होळी-पाडवा होईल.

डॉक्टर निवडताना पाटी वाचा. पुण्यात “स्किन” लिहिलेल्या पाट्या गल्लोगल्ली आहेत. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल पदवी आहे का ते बघा. खर्चाचा प्रश्न असेल तर ससूनच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढा, सकाळी लवकर जा. जाण्याआधी बुरशीचं कुठलंही औषध लावत असाल तर फोन करून किती दिवस बंद ठेवायचं ते विचारा, नाहीतर खरवडलेल्या नमुन्यात असलेली बुरशीही सापडत नाही. ती ट्यूब, बायोटिनची डबी आणि फोटो सोबत न्या. आणि पायांच्या नखांवर रंग असेल तर तोही उतरवून जा, कारण चांगले डॉक्टर वीसच्या वीस नखं बघतात.